सेन्योरेचा रंग

पप्पांच्या हातांना कायम थिनरचा वास यायचा. साबणाने धुवा, लिंबाने चोळा, जायचा नाही. कॅनडातल्या केंब्रिजच्या गाड्यांच्या कारखान्यात ते पेंट शॉपमध्ये होते, आणि तिथे त्यांचं काम रंग देण्याचं कमी आणि दिलेल्या रंगातले दोष शोधण्याचं जास्त होतं. रंगाचा थर जाड झाला की तो सुकण्याआधी खाली घसरतो आणि थेंबासारखा फुगवटा धरून बसतो. कारखान्यात त्याला 'रन' म्हणत. तो सापडला की पाणी लावून पॉलिश पेपरने घासायचा, सपाट करायचा आणि वरून पुन्हा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारायचा. पप्पा तो डोळ्यांनी शोधत नसत. डोळे मिटून पत्र्यावरून बोटांची टोकं फिरवत. ही सवय त्यांच्याबरोबर घरी यायची. फ्रिजचं दार, जेवणाचं टेबल, ताप आला तर माझं कपाळ, सगळ्यावरून ते तसंच बोट फिरवत. "डोळे फसवतात, मिना," म्हणायचे, "बोट नाही फसवत." मला ते फार मोठं ज्ञान वाटायचं. आता वाटतं, त्यांना कुणीतरी डोळ्यांवरही थोडा भरवसा ठेवायला शिकवायला हवं होतं.

आम्ही वसईचे. आठवीपर्यंत मी तिथल्या मराठी शाळेत होते, म्हणून हे मराठीत लिहू शकते. माझा धाकटा भाऊ जोएल अगदी लहान असताना इकडे आला, त्याला मराठी कळायचं सगळं, पण तोंडातून यायचं इंग्रजी. आई नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालण्याचं काम करायची आणि कंबर धरून घरी यायची. आमचं घर म्हणजे एका घराचा अर्धा भाग होता. भिंतीपलीकडे एक पोलिश म्हातारा खोकायचा, आणि खाली बेसमेंटमध्ये घर गरम ठेवणारी फर्नेस घुं घुं करत राहायची. शनिवारी आई मैदा, अंडी आणि नारळाचं दूध घालून फुग्यांचं, आमच्याकडच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ भिजवायची आणि पातेलं फर्नेसच्या शेजारी नेऊन ठेवायची, कारण हिवाळ्यात पीठ फुगायला घरात दुसरी ऊबदार जागा नव्हती. रविवारी मिस्सेहून, चर्चमधल्या उपासनेहून, आल्यावर ते तळायला घेतले की स्मोक अलार्म हमखास बोंबलायचा. जोएल टॉवेल घेऊन खुर्चीवर चढायचा आणि वैतागून म्हणायचा, "मॉम, इट्स डूइंग इट अगेन." सोबत डुकराच्या मटणाचं इंद्याळ असायचं. त्याचा बाटली मसाला वसईहून कुणा ना कुणाच्या बॅगेतून, बिअरच्या बाटलीत ठासून भरलेला, यायचा. तेवढा एक दिवस घराला घराचा वास असायचा.

सुरुवातीला आम्ही जवळच्या इंग्रजी पॅरिशच्या चर्चला जायचो. खाली कार्पेट, भिंती पांढऱ्या, क्रूस स्टीलचा. आईला तिथे बँकेत आल्यासारखं वाटायचं. मग कारखान्यातल्या एका पोर्तुगीज माणसाने पप्पांना त्यांच्या चर्चचा पत्ता दिला. बाहेरून ती पिवळ्या विटांची साधी इमारत होती, शेजारी टायरचं दुकान. आत पाय टाकला आणि आई दारातच उभी राहिली. समोर वेदीमागे छताला टेकणारी लाकडी नक्षी होती. पिळाचे खांब, खांबांवर चढलेले द्राक्षांचे वेल, वेलांत चोची घालणारे पक्षी, गोबऱ्या गालांचे देवदूत, आणि या सगळ्यावर सोनं. आमच्या गावच्या देवळात, आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात, हेच खांब होते. हेच वेल, हेच देवदूत, त्यांतल्या एकाचं नाक मोडलेलं. ज्या पोर्तुगीजांनी ते वसईला आणले त्यांनीच अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरही नेले होते, आणि बेटांवरच्या लोकांनी पुढे पोटासाठी कॅनडा गाठताना ते इथवर आणले. आई शेवटच्या बाकावर बसून मिस्सा संपेपर्यंत रडली. मिस्सेनंतर वेदीची वस्त्रं सांभाळणारी डोना फर्नांडा म्हणून म्हातारी होती, तिने आमची नावं विचारली. पास्कोल, लुसी, फिलोमिना. ती बोटांवर मोजत पुन्हा म्हणू लागली, पाश्कुआल, लुसिया, फिलोमेना, आणि आईचा हात तिने सोडलाच नाही. तिच्या नवऱ्याचं नावही पाश्कुआल होतं, तो वारला होता. त्या दिवसापासून पप्पा त्या चर्चचे झाले. बाकाचा खिळा निघाला, दाराची कडी अडकली की फोन पप्पांना.

वेदीच्या मध्यावर, उंच कोनाड्यात, सेन्योरा उभी असायची. मारिया माता. पाच-सहा वर्षांच्या मुलीएवढी उंची, मेणबत्त्यांच्या धुराने काळवंडलेली, डोक्यावरून गालापर्यंत लेसचं वस्त्र ओढलेलं, हातात कुणीतरी अडकवलेली रोझरीची जपमाळ. त्या रोझरीमुळे सगळे तिला रोझरीची माता म्हणत. ती भूकंपात पडलेल्या एका देवळातून काढलेली होती एवढंच लोकांना माहीत होतं. ज्याने तिला बोटीतून आणलं तो माणूस कधीच गेला होता, आणि इतक्या उंचावरच्या मूर्तीचा चेहरा जवळून पाहिलेलं कुणी उरलं नव्हतं. पुढे मी त्या काळच्या कलेवरची पुस्तकं वाचली. बरोक म्हणतात त्या शैलीला. चर्चला तेव्हा वाटू लागलं होतं की नुसत्या प्रवचनाने माणसं हलत नाहीत. मग कारागिरांना कामाला लावलं, लाकडाला रडवा, दगडाला मूर्च्छा आणा, सोनं असं ओता की दारातून आत येणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे. आमच्या आईचा अडकला होता, तो काही उगाच नाही. पण हे सगळं मी फार उशिरा वाचलं.

आम्हाला तिथे जायला लागून चार वर्षं होत आली होती, तेव्हा एका रविवारी फादर आन्सेल्मोंनी प्रवचन बाजूला ठेवलं आणि सांगितलं की बिशपांकडून निरोप आला आहे, आपलं चर्च बंद होणार. छप्पर गळत होतं, हिवाळ्यात गॅसचं बिल झेपत नव्हतं, तरुण मंडळी मिस्सेला येत नव्हती. आपल्याला त्या कार्पेटवाल्या पॅरिशमध्ये मिळवून टाकणार होते. फादर स्वतः ऐंशीच्या घरातले, बेटावरचे. त्या दिवशी कुणी गाणं म्हटलं नाही. आई घरी येऊन फुग्यांचं पीठ तसंच फेकून देऊ लागली, पप्पांनी पातेलं तिच्या हातातून काढून घेतलं. मग काही आठवड्यांनी आशेला जागा झाली. चर्चच्या फेसबुक पेजवर कुणीतरी नाताळचा फोटो टाकला होता. तो बघून टोरंटोहून एका प्राध्यापक बाईंचा फोन आला. कोनाड्यातली मूर्ती खरोखरीची जुनी, तीनशे वर्षांपूर्वीची असू शकेल असं त्या म्हणाल्या. तसं ठरलं तर इमारतीला हेरिटेज म्हणून संरक्षण मिळेल, ग्रँट मिळेल, बंद करणं सोपं राहणार नाही. बर्फ वितळलं की त्या स्वतः बघायला येणार होत्या. आमच्या सगळ्यांचं सगळं त्या एका भेटीवर येऊन ठेपलं.

त्यावर खाली पॅरिश हॉलमध्ये मीटिंग झाली. सीरियाहून येणाऱ्या कुटुंबांसाठी गोळा केलेल्या कोटांचे ढीग पडले होते, त्यांच्यामध्ये खुर्च्या टाकून लोक बसले. बाई आल्यावर त्यांना काय दाखवायचं, कोण बोलणार, खायला काय करायचं, असं चाललं होतं. तेवढ्यात पप्पा उठले. पप्पा चारचौघांत सहसा बोलत नसत.

"फादर, गेस्ट येणार आणि सेन्योरा अशी काळी? नो. आमच्या गावी फीस्टच्या आधी दर वर्षी मूर्तीला नवा रंग देतात. रंग नाही तर प्रोसेशन नाही. आय विल डू इट. माझ्या बेसमेंटमध्ये. नो चार्ज."

हे खरं होतं. आमच्याकडे सण जवळ आला की रंगारी मूर्ती खाली उतरवतो, जुना रंग घासतो, नवा चढवतो, कडांना सोनेरी पावडर लावतो. ज्या वर्षी गावाने रंग दिला नाही त्या वर्षी शेजारच्या गावाने नावं ठेवली म्हणून समजा. जुनी मूर्ती जुनी दिसावी हे आमच्याकडे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. पाहुणा येणार म्हणून अंगण सारवायचं नाही, असं कुणी म्हणतं का? डोना फर्नांडाच्या डोळ्यांत पाणी आलं. फादर आन्सेल्मोंनी होकाराची मान हलवली, ते सगळ्यालाच हलवायचे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सेन्योरेला पप्पांनी आणि जोएलने गोधडीत गुंडाळून आमच्या व्हॅनच्या मधल्या सीटवर बसवलं आणि सीट बेल्ट लावला. जोएल म्हणाला, "शी लुक्स लाइक शी'ज गोइंग टू द डेंटिस्ट." पप्पांनी त्याला डोळे वटारून गप्प केलं आणि मग स्वतःच हसू लागले. बेसमेंटमध्ये त्यांनी छतापासून प्लॅस्टिक सोडून एक खोली केली, फर्नेसपासून दूर, विंटर टायर एका बाजूला लोटून. कामाला हात लावण्याआधी गुडघे टेकले, नमो मारिया म्हटलं, आणि कारखान्यात करतात तसे सगळ्या बाजूंनी फोनवर फोटो काढून ठेवले. मला आणि आईला आत बोलावलं. लेस काढल्यावर मी प्रथमच तो चेहरा जवळून बघत होते. तपकिरी, बारीक भेगांचा, तोंड किंचित उघडं, नजर वर लागलेली.

"अहो, डोळ्यांच्या कडा लाल आहेत तिच्या," आई म्हणाली. दिवसभर म्हाताऱ्यांचे चेहरे पुसणारी बाई ती.

"जुनं व्हार्निश असतं लुसी, खराब होतं."

"आणि गालावर हे काय?"

पप्पांनी डोळे मिटले आणि मूर्तीच्या गालावरून बोट खाली आणलं. डाव्या गालावर दोनदा थांबले, उजव्या गालावर एकदा. "रन आहेत," ते म्हणाले. "तीन. त्या काळी स्प्रे गन कुठे, सगळं ब्रशने. थर कंट्रोल झाला नाही बिचाऱ्याला." त्या शेकडो वर्षांपूर्वीच्या कारागिराबद्दल त्यांच्या आवाजात एका कामगाराला दुसऱ्याबद्दल वाटते ती माया होती. मग त्यांनी ओला पॉलिश पेपर घेतला आणि ते घासू लागले.

कारखान्यातून आले की चहा घेऊन ते खाली जायचे. घासण्याचा तो एकसुरी आवाज जेवणाच्या टेबलापर्यंत यायचा. तिच्या झग्याचा गडद रंग निघू लागला तेव्हा जमिनीवरच्या धुळीत काहीतरी चमकायला लागलं. मी ते दाखवलं तर पप्पा म्हणाले, "सोनेरी पावडर. आपल्याकडे पण मारतात ना." आईने ती धूळ झाडून सुपलीत भरली आणि कचऱ्यात टाकली. मग प्राइमर, मग रंग, मग क्लिअर कोट. झग्याला त्या वर्षीच्या सगळ्यात महागड्या गाडीच्या मॉडेलचा निळा, चेहऱ्याला गुलाबी झाक असलेला गोरा, ओठांना फिकट लाल. डोळ्यांच्या कडा त्यांनी एका केसाच्या ब्रशने रंगवल्या, श्वास रोखून. खरं सांगते, ती सुंदर दिसत होती. चेहरा असा गुळगुळीत की बल्ब त्यात दिसायचा, आणि उघड्या ओठांमुळे आता ती हसते आहे असं वाटायचं. पप्पांना मी आयुष्यात इतकं खूश पाहिलं नाही, ना त्याआधी ना नंतर.

बाई आल्या त्या शनिवारी चर्च भरलेलं होतं. वर्षानुवर्षं न फिरकलेली मुलं आईबापांना घेऊन आली होती. डोना फर्नांडाने गोड पाव भाजून आणले होते आणि आईने फुगे. दोघींचं पीठ चवीला जवळजवळ सारखंच निघालं, त्यावर त्या दोघी हसत होत्या. पप्पांनी लग्नातला कोट घातला होता. बाई पन्नाशीच्या, साध्या, पाठीवर सॅक. त्यांनी आधी खांब बघितले, टॉर्च मारून वेलांच्या मागे डोकावल्या, आणि हळूच म्हणाल्या की हे नंतरचे, नक्कल केलेले आहेत, पण चांगले आहेत. काही हरकत नाही, मूर्ती महत्त्वाची. मग त्यांनी कोनाड्याकडे पाहिलं आणि फादरना विचारलं, "हे झालं. मूळ मूर्ती कुठे ठेवली आहे तुम्ही?"

त्यांना ती नवी प्रतिकृती वाटली होती.

पप्पा पुढे झाले. हसत होते. "धिस इज द ओरिजिनल, मॅडम. आय डिड इट."

बाई शिडीवर चढल्या. मूर्तीच्या गालावर टॉर्च धरला. मग त्यांनी विचारलं, आधी घासलं होतं का. पप्पांनी सगळं सांगितलं, आधी कोणता पेपर, मग कोणता, पाणी किती. ते बोलत गेले आणि बाईंचा चेहरा उतरत गेला. आधीचे फोटो आहेत का, असं त्यांनी विचारलं. पप्पांनी फोन काढून दिला. त्या पहिल्या बाकावर बसल्या, फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि पप्पांना शेजारी बसायला सांगितलं.

"दोज आर नॉट रन्स," त्या म्हणाल्या. "दोज आर टिअर्स."

ही रोझरीची माता नव्हतीच. ही व्याकूळ माता होती, मेलेल्या मुलाकडून नजर वर उचलून देवाकडे बघणारी. अश्रू राळेचे, थेंब थेंब करून बसवलेले. डोळे रडून लाल झालेले, तेही कारागिराने मुद्दाम केलेले. आणि झगा: लाकडावर आधी खऱ्या सोन्याचा वर्ख, त्यावर रंग, आणि मग काडीने तो रंग जागोजागी खरवडून खालचं सोनं वेलबुट्टीसारखं वर आणलेलं. बाईंनी हे सगळं अगदी हळू आवाजात सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पप्पांनी विचारलं, "कॅन वी फिक्स?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि पप्पा त्या पाण्याकडे बघत राहिले. फुगे कुणी खाल्ले नाहीत, आम्ही ते तसेच घरी आणले.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. खरं ते लिहिण्यावाचून बाईंना गत्यंतर नव्हतं, आणि हेरिटेजचं संरक्षण मिळालं नाही. कुणी पप्पांना दोष दिला नाही. डोना फर्नांडा तर त्यांचा हात धरून म्हणाली, "बोनिता, पाश्कुआल, ती आता बोनिता दिसते." बोनिता म्हणजे सुंदर. लोक असं बोलून बाजूला झाले की पप्पा आणखी खचायचे. पावसाळी थंडी सुरू झाली तेव्हा शेवटची मिस्सा झाली. फादर आन्सेल्मोंनी वेदीवरची मेणबत्ती विझवली, दम पुरेना म्हणून दोनदा फुंकावं लागलं. त्यांना वृद्धाश्रमात नेलं. खांब एका रेस्टॉरंटवाल्याने घेतले, द्राक्षं होती म्हणून. इमारत विकली गेली, आता तिथे काँडोचे फ्लॅट आहेत. सेन्योरा मात्र कुणाला नको होती. कार्पेटवाल्या पॅरिशकडे फायबरग्लासची मारिया होती, तिच्या शेजारी दुसरी कुठे ठेवणार. शेवटी ती पुन्हा सीट बेल्ट लावून आमच्या बेसमेंटमध्ये आली. या वेळी बेल्ट जोएलने नीट ताणून लावला.

पप्पांनी तिला अश्रू द्यायचा प्रयत्न केला. सुईच्या टोकावर क्लिअर कोटचा थेंब घेऊन तिच्या डोळ्याखाली ठेवायचे. थेंब सुकेपर्यंत समोर बसायचे. मग डोळे मिटून बोट फिरवायचे, आणि प्रत्येक वेळी तो त्यांच्या बोटाला रनच लागायचा. ते पुन्हा पेपर ओला करायचे आणि घासायचे. कित्येक महिने वरून आम्ही तो आवाज ऐकला. एक दिवस तो थांबला. त्यानंतर त्यांची बोट फिरवायची सवयच गेली. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनी कपाळाला हात न लावता थर्मामीटर दिला. रविवारी ते आमच्याबरोबर यायचे, मागच्या बाकावर बसायचे, पण कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घ्यायला पुढे जात नसत. तिथल्या फादरनी त्यांना सांगितलं होतं की यात पाप कसलं, तुमचा हेतू चांगला होता. पप्पांना त्याने काहीच आधार मिळाला नाही. पाप असतं तर ते कबूल करून मोकळं होता आलं असतं.

एकदाच मी विचारलं, इतकी वर्षं झाली, आता सोडा ना. आम्ही व्हॅनमध्ये होतो, हायवेवर. ते रस्त्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "तिचं पोरगं मेलेलं, मिना. आणि मी तिला हसायला लावलं."

पप्पा गेले, मग आई गेली. जोएल पश्चिमेकडे गेला, त्याला ती नको होती. ती माझ्याकडे आहे, खिडकीपासून दूर, कपाटाच्या बाजूला. पोर्तुगालमध्ये मी एकदा अशाच एका मूर्तीसमोर उभी राहिले होते, काचेमागे, गालावरचे थेंब शाबूत. तिच्याकडे मला फार वेळ बघवलं नाही. आमची मात्र त्या निळ्या झग्यात तशीच उभी आहे, रंगाचा एक टवका उडालेला नाही, कुठे भेग नाही. कधी कधी धूळ पुसताना मी डोळे मिटते आणि तिच्या गालावरून बोट खाली आणते, कुठे थोडा तरी उंचवटा राहिला असेल म्हणून. काही लागत नाही. पप्पांचं काम चोख होतं.